मंद्रूप रस्त्यावरचे दंडवत

सोमशेखर कलशेट्टीनं नवे बूट घ्यायचं ठरवलं आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

बूट घेणं ही तशी काही मोठी गोष्ट नव्हे. माणसं दुकानात जातात, पाय घालून बघतात, चावत नसतील तर डबा काखेत मारून घरी येतात. पण ही झाली साध्या माणसांची रीत. सोमशेखर बांधकाम खात्यात सत्तावीस वर्षं नोकरी केलेला माणूस. जे काम दोन सह्यांत होतं त्याला सात सह्या लावायची सवय हाडात मुरलेली. त्याला साधं काही घेताच येत नसे. घरातला मिक्सरसुद्धा त्यानं असा आणला होता की तो चालू करायला अजूनही पुस्तक उघडावं लागतं. (कमलम्मा, म्हणजे त्याची बायको, चटणी पाट्यावरच वाटते.)

बूट लागले ते टाचेमुळे. सकाळी पलंगावरून उतरून पहिलं पाऊल टाकलं की डाव्या टाचेत कुणीतरी खिळा ठोकल्यासारखी कळ यायची. मग भिंत, कपाट, फ्रीज असं धरत धरत तो मोरीपर्यंत पोहोचायचा. डॉक्टरणीनं तपासून सांगितलं, "टाचेखालचा पडदा सुजलाय. घाबरण्यासारखं काही नाही. मऊ टाचेचे बूट वापरा, वजन उतरवा, आणि ते भरभर चालणं बंद करून सायकल चालवा. पॅडल मात्र रुंद आणि सपाट घ्या, तळव्याचा मधला भाग त्याच्यावर ठेवा आणि रमतगमत चालवा."

एवढ्या सगळ्यातलं सोमशेखरच्या कानात शिरलं ते फक्त 'सायकल'. बाकीचं त्यानं आपल्या मनानं भरून घेतलं. त्याच आठवड्यात भाच्याची जुनी गिअरची सायकल घरी आली, आणि टाच दुखते म्हणून सायकल चालवणारा माणूस सायकल चालवता येते म्हणून टाच मिरवायला लागला.

इथवरही ठीक होतं. पण मध्येच मंद्रूपचे प्रभुलिंग पाटील उपटले.

उपटले म्हणजे रीतसर आले. सोमशेखरची मुलगी संस्कृती एका औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. प्रभुलिंगांचा मुलगा सिद्धाराम त्या दुकानाला माल पुरवणाऱ्या कंपनीत. दोघांचं आधी आपापसांत ठरलं आणि मग आईबापांना 'स्थळ आलंय' असं सांगण्यात आलं. प्रभुलिंग स्वतः कांद्याचे शेतकरी, धोतर नेसणारे, बोलायला रोखठोक. मुलगी बघायला म्हणून आले, पोहे खाल्ले, मुलगी पसंत केली. आणि नेमक्या त्याच वेळी सोमशेखर पाण्याचा तांब्या घेऊन आतून बाहेर आला तो लंगडत.

प्रभुलिंगांनी त्याच्या पायाकडं बघितलं. "पाव्हणं, लंगडताय की. घराण्यात हाय का काय असलं?"

माणूस सरळ होता. कांद्याची गोणी घेताना आपणही हात घालून एखादा कांदा दाबून बघतोच. त्यात रागवण्यासारखं काही नव्हतं. कमलम्मानं हसून "न्हाय ओ, नुसती टाच हाय, चालून चालून दुखायलीय," असं सांगितलं, प्रभुलिंगांनी "मग ऱ्हाऊ द्या" म्हटलं, आणि पुढच्या रविवारी मंद्रूपला त्यांच्या घरी सुपारी फोडायचं ठरलं. सुपारी फुटली की लग्न पक्कं. विषय संपला.

सोमशेखरच्या डोक्यात मात्र 'घराण्यात' हा शब्द अडकून बसला. तो जेवताना घास तोंडापाशी धरून म्हणायचा, "घराण्यात म्हणे." झोपताना कूस बदलून म्हणायचा, "घराण्यात!" चौथ्या दिवशी त्यानं जाहीर केलं.

"मंद्रूपला तुम्ही गाडीतनं या. मी सायकलवर येणार हाय."

कमलम्मा भाकरी थापता थापता थांबली. "अवो, सुपारी फोडायला जायचंय का शर्यतीला?"

"त्या मानसाला दाखवायलाच पायजे. कलशेट्ट्यांचे पाय काय हायत ते कळू दे की जरा."

"आन टाच?"

"टाचेसाठीच तर बूट घ्यायलोय."

सायकलच्या दुकानाचा मालक मल्हार हा स्वतः सायकल चालवणारा, रापलेला, खरं बोलणारा माणूस. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण पुढं सोमशेखरनं सगळं खापर त्याच्या डोक्यावर फोडायचा प्रयत्न केला.

"काका, टाच दुखते म्हणता? मग फ्लॅट पॅडलच घ्या," मल्हार म्हणाला. त्यानं एक रुंद, काळं पॅडल काउंटरवर ठेवलं. "आन बूट साधे. तळ जरा कडक, टाचेला आतनं मऊ गादी. पाय कुठं बी ठेवा, कधी बी काढा."

सोमशेखरनं ते पॅडल उचललं, उलटंपालटं केलं आणि चिंच आंबट आहे की नाही बघावं तसं तोंड केलं. हे कुणीही घेतं. कांदेवाले प्रभुलिंगसुद्धा घेतील. त्याची नजर काचेच्या कपाटात गेली. तिथं लाल-काळे चकचकीत बूट होते आणि त्यांच्या शेजारी लिंबाएवढं पॅडल.

"ते काय हाय?"

"ते रेसवाल्यांचं. बुटाच्या तळाला पट्टी असती, ती पॅडलमदी कट्‌ करून बसती. पाय लॉक होतो."

"लॉक झाल्यावर टाचेवर भार येतो?"

"न्हाय, भार पुढं चवड्यावर येतो, पण..."

"बांधा," सोमशेखर म्हणाला.

"काका, पण..."

"बांधा म्हणालो की."

त्या 'पण'च्या पुढं काय होतं ते ऐकायची तसदी त्यानं घेतली नाही. (किंमत इथं सांगत नाही. कमलम्माला अजून सांगितलेली नाही.) मल्हारनं पॅडल बसवून दिलं आणि दुकानाच्या पायरीपर्यंत मागं येत बजावलं, "काका, सुटायचं असलं की टाच बाहेरच्या अंगाला झटकायची. थांबायच्या आधी झटकायची बरं का! थांबल्यावर न्हाय!" सोमशेखरनं मान हलवली. वरून आलेलं परिपत्रक वाचताना तो अशीच मान हलवतो.

आता बघा, ज्याची टाच दुखते त्यानं असं पॅडल घेतलं, की ज्यातून सुटायचं तर टाचच झटकावी लागते. आंधळ्यालाही दिसावं असं हे होतं. पण नवे बूट पायात आले की माणसाला बुटांखेरीज काही दिसत नाही.

घरात तो ते बूट घालून फरशीवर टक टक करत फिरला. संस्कृती म्हणाली, "पप्पा, डॉक्टर मॅडमनी सपाट पॅडल सांगितलंय. मी स्वतः कागद वाचलाय."

"तुमच्या मॅडमना यातलं काय कळतंय? आता जगात सगळीकडं हेच वापरतात."

मग कंपाउंडच्या भिंतीला धरून त्यानं सराव केला. कट्‌ करून अडकवायचं, टाच झटकायची, आई गं म्हणायचं, सुटायचं. दहापैकी सात वेळा पाय सुटला. भिंतीला धरून माणूस काहीही करू शकतो, हे त्याच्या लक्षात आलं नाही. मंद्रूपच्या रस्त्याला भिंत नाही, हेही नाही.

आणखी एक गोष्ट सोमशेखर विसरला, आणि ती त्याच्या अंगात बूट-पॅडलच्या कितीतरी आधीपासून होती. वाटेत देऊळ दिसलं की तो थांबल्याशिवाय पुढं जात नसे. त्याच्या वडिलांचा तसा दंडकच होता. चालत्या गाडीवरून देवाला हात करणं म्हणजे ओळखीच्या माणसाला लांबून 'बरं आहे ना' म्हणून सटकणं. देव दिसला की ब्रेक दाबायचा, डावा पाय खाली टेकायचा, दोन्ही हात जोडायचे, 'शरणु' म्हणायचं आणि मगच निघायचं. पन्नास वर्षं हे चाललं होतं. त्यासाठी त्याला विचार करावा लागत नसे. शेंदूर दिसला की पाय आपोआप खाली जाई.

रविवारी सकाळी सातला तो निघाला. कमलम्मा आणि तिचा भाऊ शिवानंद साड्या, पेढे, नारळ, सगळं घेऊन मागाहून गाडीतनं येणार होते. अंगात झगझगीत पोपटी टी-शर्ट, डोक्यावर हेल्मेट, पाठीवरच्या पिशवीत घडी करून ठेवलेला सुपारीचा सदरा. मंद्रूपमध्ये शिरताना तो पोपटी टी-शर्टवरच शिरणार होता. प्रभुलिंगांना नीट दिसायला नको का.

सोलापूर सोडून विजापूर रोडला लागल्यावर वारा पाठीला होता. सोरेगाव मागं पडलं. भार चवड्यावर येत होता, टाच खरोखर दुखत नव्हती, आणि सोमशेखरला वाटलं की आपण घेतलेला निर्णय किती योग्य होता. हे वाटणं साधारण चार मिनिटं टिकलं. कारण उजव्या हाताला लिंबाखाली मारुतीचं देऊळ दिसलं.

ब्रेक दाबला गेला. सायकल थांबली. डावा पाय खाली निघाला आणि पॅडलपाशीच राहिला. पण हात तर जोडले गेलेले. सोमशेखर दोन्ही हात जोडलेल्या अवस्थेत, डोळे अर्धवट मिटून, 'शर...' एवढं म्हणत हळूहळू डावीकडं कलला आणि सायकलीसकट आडवा झाला.

लिंबाखाली सात-आठ माणसं वडापच्या जीपची वाट बघत उभी होती. एकजण धावला. तेवढ्यात रुपयाएवढं कुंकू लावलेली एक म्हातारी ओरडली, "आरं, हात लावू नगंस! दंडवत घालायलाय त्यो! मदी हात लावला तर तुला पाप लागतंय!"

धावलेला माणूस जागीच थांबला. म्हातारी जवळ आली आणि वाकून बघायला लागली. सोमशेखर पडल्या पडल्या डावी टाच झटकत होता, आणि प्रत्येक झटक्याला कळ मस्तकात जात होती.

"यप्पा! डोळ्यात पाणी आलंय बघा," म्हातारी गहिवरून म्हणाली. "कशाचा नवस हाय रे बाबा?"

इथं सोमशेखरला फक्त पाच शब्द बोलायचे होते : माझा पाय बुटात अडकला आहे. पण समोर आठ माणसं. त्यातली दोन कॉलेजातली आणि हातात मोबाईल. आपण पन्नाशी ओलांडलेले, हेल्मेटसह, पोपटी टी-शर्टमध्ये. बूट काढता येत नाही असं सांगायचं? घरी पाच वर्षांची पोरं बूट काढतात.

"पोरीच्या लग्नाचा," सोमशेखर जमिनीवरून म्हणाला.

"किती देवळं बोललास?"

"वाटेतली सगळी."

हे त्याच्या तोंडून कसं गेलं ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. पण गेलं. म्हातारीनं आपल्या कपाळाचं कुंकू बोटावर घेऊन त्याच्या हेल्मेटला लावलं. वडाप आली, सगळी माणसं तिच्यात कोंबली, आणि जीप मंद्रूपच्या दिशेनं, म्हणजे सोमशेखरच्या पुढं, निघून गेली. त्यानं बुटाचे पट्टे सोडवून मोकळा पाय बाहेर काढला आणि पॅडलला लोंबकळणारा रिकामा बूट दोन्ही हातांनी पिरगाळून सोडवला.

आता शहाणा माणूस इथून परत फिरला असता. त्याहून शहाणा असता तर बूट पिशवीत टाकून मोज्यांवर गेला असता. सोमशेखरनं पुन्हा बूट घातले. अडकवले. आणि ठरवलं की आता एकाही देवळाकडं बघायचं नाही, नजर सरळ रस्त्यावर.

हत्तूरपाशी रस्त्याच्या कडेला पंधरा माणसं उभी होती. जीपनं बातमी पोचवलेली. "आला, आला! नवसवाला आला!" एका पोरानं देवळातली घंटा वाजवली. सोमशेखरनं मान वळवली नाही. पण घंटेचा आवाज कानातून थेट पायात गेला. ब्रेक, हात, 'शर...', धाड.

"बघा, हेल्मेट घालून नवस करायलाय," एकजण कौतुकानं म्हणाला. "शिकलेला मानूस दिसतोय."

तिथं त्याला झेंडूची माळ घालण्यात आली. पुढच्या वस्तीवर बिरोबाचं देऊळ होतं. तिथं एका मेंढपाळानं तो आडवा असतानाच त्याच्यावर मूठभर भंडारा उधळला आणि त्याचे पाय धरले. (ते बरं झालं. धरलेले पाय ओढल्यावर डावा बूट सुटला.) वडकबाळला तर कमालच झाली. तिथल्या सज्जनांनी त्याला लागू नये म्हणून देवळासमोर गोणपाटं अंथरून ठेवली होती. इतकी माणसं, इतकी माया! सोमशेखरला नाही म्हणवेना. एवढा एकच दंडवत त्यानं जाणूनबुजून घालायचं ठरवलं, आणि तोच चुकला. गोणपाटं डावीकडं होती आणि तो उजवीकडं पडला.

नेमकी तेव्हाच शिवानंदची गाडी गर्दीजवळून गेली. "ताई, अपघात झालेला दिसतोय. थांबू का?" त्यानं विचारलं. कमलम्मा म्हणाली, "थांबू नको. शुभ कामाला निघालोय. दारू पिऊन पडला आसंल कोण तर."

मंद्रूपला प्रभुलिंगांच्या अंगणात सोमशेखर पोचला तेव्हा गळ्यात माळ, टी-शर्टवर भंडारा, कोपर सोललेलं, हँडलला कुणीतरी बांधलेला नारळ. टाच अशी दुखत होती की तिच्यापुढं सकाळचा तो खिळा बरा. तरी त्यानं छाती पुढं काढली. आता प्रभुलिंग म्हणतील, 'वा पाव्हणं, पंचवीस किलोमीटर!'

पण अंगणात भलतंच दिसत होतं. मंडप नव्हता तरी सतरंज्या अंथरलेल्या होत्या, चहा ओतलेला होता, आणि कुणी प्यायलेला नव्हता. कमलम्मा एका कोपऱ्यात अवघडून बसलेली. शिवानंद जमिनीकडं बघत होता. सिद्धारामचा चेहरा उतरलेला. आणि मधोमध प्लास्टिकच्या खुर्चीत कपाळभर कुंकवाची ती म्हातारी.

"ह्योच," म्हातारी म्हणाली. "ह्योच त्यो मानूस."

ती गौरव्वा, प्रभुलिंगांची थोरली बहीण. त्या घरात ती म्हणेल ते.

"बर्री, या पाव्हणं, बसा," प्रभुलिंग म्हणाले. त्यांनी स्वतः पाण्याचा तांब्या पुढं केला. "पाणी घ्या. आन मग एक खरं सांगा. पोरीला काय हाय?"

"संस्कृतीला? काय न्हाय."

"काय न्हाय, तर बापानं वाटंतल्या समद्या देवांम्होरं अंग कशाला टाकलं?"

"माज्या मावसभनीच्या पोरीला फीट येत व्हती," गौरव्वा म्हणाली. "तरी बी तिच्या बापानं नुसता पाच नारळाचा नवस केलता. ह्यांनी तर सोलापूरपासनं दंडवत घातल्यात. म्हंजे फीटापरास मोठं कायतरी आसणार."

कमलम्मा उठून उभी राहिली. "नवस? कसला नवस? मला काय ठाव न्हाय."

"बघा!" गौरव्वानं मांडीवर हात मारला. "आईला बी ठाव न्हाय. बापानं लपवून ठिवलंय."

"अहो, तो नवस लग्नाचा नव्हता," सोमशेखर घाईनं म्हणाला. "तो पावसाचा होता."

"पोरीच्या लग्नाचा म्हनलास. माज्या या कानांनी ऐकलंय."

"दोन्हीचा होता."

"म्हंजे पोरगी आली की पाऊस बी जातोय?" गौरव्वा हादरली. "प्रभू, चहा आत न्ह्या."

चहाचे कप खरंच उचलले जायला लागले. सोमशेखरची नजर सिद्धारामवर गेली. पोरगा तीन वेळा काहीतरी बोलायला तोंड उघडून गप्प बसला होता. आत्यापुढं बोलायची त्या घरात रीत नव्हती. आणि सोमशेखरला संस्कृती आठवली. आज सकाळी तो निघताना ती दारात उभी होती. 'पप्पा, जपून जा' एवढंच म्हणाली होती. गेले तीन महिने ती संध्याकाळी फोन घेऊन गच्चीवर जायची आणि खाली यायची तेव्हा घरात कुणाशीही भांडायची नाही. त्या पोरीचं लग्न तो आपल्या हातानं मोडत होता. हातानं नव्हे, पायानं. सकाळपासून पहिल्यांदा त्याला खरी भीती वाटली. कुणाच्याही हसण्याची नव्हे. घरी जाऊन तिला काय सांगायचं याची.

"नवस नव्हता," तो म्हणाला. आवाज बारीक झाला होता. "माझा पाय अडकलेला."

"कशात?"

"बुटात. म्हणजे बूट पॅडलात. पाय निघाला न्हाय म्हणून पडलो. प्रत्येक देवळापाशी थांबायला गेलो आणि पडलो. म्हणायला लाज वाटली, म्हणून नवस म्हणालो."

सगळ्यांनी सायकलीकडं माना वळवल्या. मग प्रभुलिंग हळूच म्हणाले, "पाव्हणं, मी चाळीस वर्सं सायकल चालवतोय. पायताण घालून चालवतोय, अनवाणी चालवतोय. पॅडलात पाय अडकल्याला एक बी मानूस बघितला न्हाय."

"लेकीसाठी खोटं बोलायलाय बिचारा," गौरव्वा म्हणाली. "बापाचं काळीज हाय."

"दाखवतो!" सोमशेखर उठला. "आत्ता दाखवतो."

तो सायकलवर बसला. एका बाजूनं शिवानंदनं धरली. कट्‌. डावा पाय अडकला. सोमशेखरनं सगळ्यांकडं विजयी नजरेनं बघितलं आणि पाय ओढला.

पाय सुटला. जराही आवाज न करता, अलगद सुटला. सकाळपासून आपटून आपटून स्प्रिंग ढिली पडली होती की काय, त्या मल्हारलाच ठाऊक. त्यानं पुन्हा अडकवला. पुन्हा सुटला. चौथ्या खेपेला तर नीट अडकलाच नाही. सोमशेखर घामाघूम होऊन पॅडलवर पाय आपटत होता आणि 'अडक की! अडक की बे!' म्हणत होता. अंगणातल्या माणसांना वाटलं, पोरीच्या काळजीनं याच्या डोक्यावर परिणाम झाला असावा.

"बसा, दाजी," शिवानंद हळूच म्हणाला. "आता राहू दे."

तेव्हा कमलम्मानं पदर खोचला. एरवी नवऱ्याची अब्रू झाकायला ती चार खोट्या गोष्टी सांगते. आज तिला पोरगी वाचवायची होती.

"आक्का, नवस-बिवस काय न्हाय. मी सांगते," ती गौरव्वासमोर येऊन उभी राहिली. "शुक्रवारी सकाळी हे आमच्या गल्लीत दूधवाल्यासमोर आडवं झालते. शनिवारी भंगारवाल्याच्या गाड्यावर. आन आज निघताना सात वाजता गल्लीच्या तोंडाशी घंटागाडीसमोर! मी खिडकीतनं बघितलं. त्या कचरा गोळा करणाऱ्या बाईनं उचलून उभं केलं. आता तुमीच सांगा, भंगारवाल्याला कोण नवस बोलतंय?"

(ही पडझड इथवर सांगितली नाही, कारण सोमशेखरनं ती कुणालाच सांगितली नव्हती. घरातल्या कुणी बघितलं नाही अशी त्याची समजूत होती.)

गौरव्वाची मान जराशी हलली. "भंगारवाल्यासमोर बी?"

"त्याच्या तराजूवर पडलं. त्यानं वजन पण सांगितलं." कमलम्मा आता थांबणार नव्हती. "डॉक्टरनं मऊ बूट, सपाट पॅडल सांगितलतं. पोरीनं सांगितलं. दुकानदारानं बी सांगितलं आसणार. ह्यांनी बुटाला लोखंड लावून आणलं. कशाला? तर तुमी 'घराण्यात हाय का' म्हणून इचारलं. तुमाला पाय दाखवायला हे सायकलवर आले. घराण्यात टाच-बिच काय दुखत न्हाय ओ. घराण्यात कुणी कुणाचं ऐकत न्हाय, तेवढंच."

सिद्धारामच्या तोंडून हसू फुटलं. त्यानं ते उपरण्यात दाबलं, पण खांदे हलत राहिले. मग प्रभुलिंगांची मिशी हलली. सोमशेखर गळ्यातली झेंडूची माळ हातात धरून उभा होता, आणि तिचं काय करायचं ते त्याला सुचत नव्हतं.

गौरव्वानं त्याला टाचेपासून हेल्मेटपर्यंत निरखून बघितलं. त्यावर तिचंच कुंकू होतं. मग तिनं कमलम्माला विचारलं, "पोरगी कुणावर गेलीया?"

"माज्यावर," कमलम्मा म्हणाली.

"नक्की?"

"नक्की की."

गौरव्वानं समाधानानं सुस्कारा टाकला आणि चहा परत आणायला सांगितलं. प्रभुलिंगांनी ताटातली सुपारी उचलून तिच्या हातात दिली.

"फोड आक्का," ते म्हणाले. "पोरीत दोष न्हाय. दोष बापात हाय, आन बापाला काय आपल्यात नांदायला यायचं न्हाय."